ठिपक्यांचा कुत्रा

काळ्या सुळ्याचं रानडुक्कर मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

जुन्या कागदी चित्रांची डागडुजी हे माझं काम, हल्ली नेदरलँड्समध्ये. त्या दिवशी टेबलावर रानडुकराच्या शिकारीचं रेखाटन होतं. तपकिरी शाई, स्ट्राडानुसच्या वळणाचं. हा ब्रुजचा चित्रकार (१५२३–१६०५), पण हयात गेली फ्लॉरेन्समध्ये, तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या पदरी. त्याच्या शिकारचित्रांचे तांब्याच्या पाट्यांवरून छापे निघाले. अँटवर्पच्या फिलिप्स गालेने काढलेली ती मालिका चांगली १०४ छाप्यांची.

आमच्या चित्रातला भालाईत डावखुरा, तलवार उजव्या कमरेला. छापा उलटा उमटतो म्हणून मुद्दाम तसं काढायचे. दिवा आडवा धरला तर चित्र पाटीवर उतरवताना रेषांवरून फिरवलेल्या बोथट सुईच्या खाचाही दिसल्या. इथवर सगळं ओळखीचं.

पुढे कुत्रे. मधला लांब तोंडाचा, पोट खपाटीला गेलेला, थेट आपल्याकडचा कारवान. फक्त अंगावर काळे ठिपके. चित्राच्या मालकीणबाईंच्या यादीत ‘ठिपक्यांचा कुत्रा’ होतं, आणि चित्र आलं तेव्हा मीही मुकाट्याने तेच उतरवून घेतलं होतं. पण सुळा काळा? सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर कुत्र्याच्या डोळ्यातली चमकही काळी. ठिपके सगळे पाठीवर आणि मांडीवर, जिकडून उजेड येतो त्याच बाजूला. पोटाखाली एकही नाही.

क्ष-किरणांच्या तपासणीत शिसं निघालं. ठिपके कसले, तो सफेदा होता, उजेड दाखवायला लावलेला शिशाचा पांढरा रंग! कोळशाचा धूर, गॅसचे दिवे यांतल्या गंधकाने काळा पडलेला. माझी नोंद आठवून कान गरम झाले.

मालकीणबाईंना फोन केला. काळ्याचं पुन्हा पांढरं करता येतं, पण तो मूळचा सफेदा नसतो, शिशाचं सल्फेट असतं, हेही सांगितलं. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “लहानपणी मी त्याचे ठिपके मोजायचे. करा, पण एक ठेवा.”

पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड, बारीक कुंचला, एकेक ठिपका. काळा, मग मळकट राखाडी, मग पांढरा. पाठीचा कणा वर आला, मांडीचा स्नायू ताणला गेला. कुत्रा आत्ता कुठे धावायला लागला. सुळाही चकाकला.

कानामागचा ठिपका तसाच ठेवलाय. अहवालात कारण लिहिलं: ‘तुलनेसाठी’.