नमुन्यावरनं विमान

काल उद्यमनगरात मामांच्या वर्कशॉपवर बसलोवतो. एक तुटका गिअर आला, ड्रॉइंग बिइंग काय नाही, मामांनी व्हर्नियर लावला, दात मोजले आन म्हणले परवा घेऊन जा. मला चीनचं जे-१५ हे जहाजावरनं उडणारं लढाऊ विमान आठवलं (डोकं असंच चालतंय माझं).

त्यांनी युक्रेनकडनं सुखोई-३३ (रशियन लढाऊ विमान) चा एक जुना प्रोटोटाइप मिळवला आन त्यावरनं शेनयांगच्या कारखान्यात जे-१५ उभं केलं, २००९ ला उडालं, नोव्हेंबर २०१२ ला ल्याओनिंग या विमानवाहू जहाजावर उतरलं, आन त्याच दिवसांत प्रोजेक्टचा प्रमुख लुओ यांग हार्ट अटॅकनं गेला. वाईट वाटतंय राव.

मामांचा पहिला प्रश्न, "इंजिन कुणाचं?" म्हणलं आधी रशियाचंच, एएल-३१. "मग! मापं घेता येत्यात, हीट ट्रीटमेंट, म्हंजे धातू कसा तापवला-थंड केला, ते कुठनं मोजणार?"

ल्याओनिंगला पुढं चढाचा रॅम्प, त्यामुळं इंधन आन बॉम्ब फुल भरून उडता येत नाही. नव्या फुजियान जहाजावर मात्र इलेक्ट्रोमॅग्नेटिक कॅटापल्ट (विजेच्या जोरावर विमान पुढं फेकणारी यंत्रणा) हाय, त्यासाठीचं जे-१५टी आन स्टेल्थ (रडारला सहज न सापडणारं) जे-३५ दोन्ही त्यावरनं सुटत्यात. लय भारी काम, शत्रूचं असलं तरी.

मामांनी एवढं ऐकलं आन लेथ चालू केली. गिअर अजून बाकीच हाय.