रायझन ५ ५६०० अखेर चालू झाला, इचलकरंजीमार्गे

मागच्या नोंदीत मी संगणकासाठी एएमडीचा रायझन ५ ५५०० हा प्रोसेसर घेणार असल्याचे लिहिले होते. प्रत्यक्षात ५६०० घेतला, बसवला आणि त्यानंतर पाच दिवस पडद्यावर काहीही उमटले नाही. काल रात्री डिस्प्ले आला.

५५०० का सोडला, ते आधी सांगते. प्रोसेसर आणि रॅम मिळून १८ हजारांच्या वर जायचे नव्हते. इंटेलचा आय५ १२४००एफ मला मनापासून आवडतो, पण त्याला एलजीए १७०० सॉकेटचा नवा मदरबोर्ड लागतो आणि एएमडी प्रोसेसरांसाठीचा माझा बी४५० बोर्ड धडधाकट असताना तो बदलणे परवडणारे नव्हते. आय३ १२१००एफचीही तीच अडचण, शिवाय त्यात कोअर चारच. उरले ५५०० आणि ५६००. दोन्ही एएमडीच्या झेन ३ रचनेचे, ६ कोअर आणि १२ थ्रेडचे, ६५ वॉटचे; मात्र ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आहे आणि ५६०० मध्ये ३२ एमबी. गेम चालताना प्रोसेसरला हवी असलेली माहिती कॅशमध्ये सापडली नाही, की त्याला रॅमपर्यंत जावे लागते, आणि ही खोळंब्याची वेळ सरासरी फ्रेममध्ये फारशी दिसत नसली तरी वन परसेंट लोमध्ये (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमच्या वेगात) आणि हाताला जाणवणाऱ्या स्टटरमध्ये, म्हणजे अडखळण्यात, नेमकी दिसते. माझ्या जुन्या रायझन ३ २२००जी प्रोसेसरमध्ये एल३ कॅश अवघी ४ एमबी होती आणि त्या स्टटरला कंटाळूनच हा सगळा खटाटोप सुरू केला होता, म्हणून दोनेक हजार जास्त मोजले. ५५०० फक्त पीसीआयई ३.० (ग्राफिक्स कार्डाच्या जोडणीची जुनी, संथ पिढी) देतो, हा मुद्दा माझ्यापुरता गैरलागू आहे, कारण बी४५० बोर्डच ३.० चा आहे. परंतु ज्यांच्याकडे बी५५० आहे आणि आरएक्स ६५०० एक्सटीसारखे चारच लेनचे (डेटाच्या वाटांचे) ग्राफिक्स कार्ड घ्यायचे आहे, त्यांनी ५५०० घेण्यापूर्वी हे जरूर तपासावे.

आता मूळ दुखणे. प्रोसेसर बसवून बटण दाबले, पंखे फिरले आणि बोर्डावरचा सीपीयूचा लाल दिवा लागला तो विझेचना. रॅमच्या कांड्या आलटून पालटून, एकेक करून लावल्या, सेल काढून सीमॉस क्लिअर केला (बोर्डाची जतन केलेली सेटिंग पुसली), एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) आठ पिनांची वायर काढून पुन्हा बसवली. मग संशय पिनांवर गेला. एएम४ च्या (माझ्या बोर्डावरच्या सॉकेटच्या) प्रोसेसरला १३३१ पिना असतात आणि त्यांतली एक जरी कलली तरी असेच होते, म्हणून गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) सोनारकाम करणाऱ्या शेजारच्या काकांकडून त्यांचे डोळ्याला लावायचे भिंग आणले आणि खिडकीपाशी बसून ओळ न् ओळ तपासली. पिना पेरलेल्या रोपांसारख्या सरळ होत्या. फक्त एका कोपऱ्यात पेस्टचा कण अडकला होता, तो मऊ ब्रशने काढला. दिवा तसाच.

तेव्हा बायोस (बोर्डातच साठवलेले, तो सुरू करणारे सॉफ्टवेअर) आठवला. दुकानदाराने ‘बी४५० ला हा चालतो’ असे सांगितले होते आणि ते खरेच होते. मात्र बायोस कोणत्या आवृत्तीचा आहे, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही पाहिले नाही. माझा बायोस २०१९ चा, झेन ३ आला नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ५६०० तर एप्रिल २०२२ मध्ये; बोर्डाला तो ओळखू येण्याचे कारणच नव्हते. मे २०२० मध्ये एएमडीने बी४५०सारख्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर झेन ३ चालणार नाही असे जाहीर केले होते आणि ग्राहकांनी आवाज उठवल्यावर त्याच महिन्यात निर्णय फिरवला. तो फिरवला नसता, तर आज माझा बोर्ड अडगळीत गेला असता. प्रोसेसरशिवाय बायोस चढवता येणारे बायोस फ्लॅशबॅकचे बटण माझ्या बोर्डावर नाही. म्हणजे बायोस चढवायला जुना प्रोसेसर हवा, आणि तो मी आधीच्याच रविवारी इचलकरंजीच्या एका मुलाला विकला होता.

त्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, मी काढून आणला असता, पण पिना वाकल्या तर? तुम्हीच या.” म्हणून बोर्ड, रॅम आणि ५६०० मूळ खोक्यात घालून, वर प्लास्टिकच्या दोन पिशव्या बांधून भर पावसात एसटीने गेले. त्याच्या घरामागे यंत्रमाग चालतात. त्या खडखडाटात आम्ही त्याचे कॅबिनेट उघडले. एएम४ चा कूलर सरळ वर ओढला, तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, म्हणून आधी पंधरा मिनिटे गेम चालवून पेस्ट गरम केली, मग मशीन बंद करून कूलर हलकेच पिळत सोडवला. २२००जीमध्ये ग्राफिक्स अंगचेच असल्यामुळे कार्डाची गरज पडली नाही. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून बायोसची आधी मधली आवृत्ती आणि मग शेवटची, असे दोन टप्पे करावे लागले, आणि दुसऱ्या टप्प्यात पडद्यावरची प्रगतीची पट्टी निम्म्यावर असताना वीज गेली. माग एकदम थांबले. त्या शांततेत त्याच्या यूपीएसची टीटी ऐकत आम्ही दोघे पट्टीकडे बघत उभे होतो. ती पूर्ण झाली.

वीज आल्यावर तिथेच ५६०० लावून पाहिला. त्यात ग्राफिक्स नसल्याने पडदा काळाच राहणार होता, पण मला फक्त दिवे पाहायचे होते: सीपीयूचा लागला आणि विझला, रॅमचा लागला आणि विझला, आणि व्हीजीएचा (ग्राफिक्सचा) लागून राहिला. कार्ड नाही, एवढीच त्याची तक्रार होती. त्या दिव्याने मला जो आनंद दिला, तो शब्दांत मांडणे कठीण आहे. त्या मुलाचा २२००जी नवी पेस्ट लावून परत बसवून दिला आणि त्याचे मशीन चालू झाल्यावरच निघाले.

घरी आल्यावर नव्या प्रोसेसरमुळे एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षेच्या किल्ल्या साठवणारा भाग) रीसेट करण्याची सूचना आली. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन) बंद होता, म्हणून निर्धास्तपणे होकार दिला. ज्यांचा चालू असेल, त्यांनी रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी. ८ जीबीच्या एकाच कांडीऐवजी आता ८ च्या दोन आहेत. एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करून त्या ३२०० वर आणल्या. जीटीए ५ या गेममधल्या गर्दीच्या रस्त्यावर पूर्वी प्रोसेसर १०० टक्के आणि माझे ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर ६० टक्क्यांच्या आत अशी स्थिती असे. काल त्याच रस्त्यावर कार्ड ९५ च्या वर गेले आणि स्टटर गेला.

दिवाळीत आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड घेण्याचे ठरले होते. हे लिहिताना मात्र वाटते, की माझा मॉनिटर १०८०पी आणि ७५ हर्ट्झचा आहे, त्याला १६६० सुपर अजून वर्षभर पुरेल. त्यापेक्षा आधी चांगला यूपीएस घ्यावा. परवाची पट्टी डोळ्यांसमोरून जात नाही.

प्रोसेसरसोबत आलेल्या कूलरवर तापमान ८३ अंशांपर्यंत जाते आहे. नव्या बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचे व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) दिसतो. सर्व कोअरवर उणे १५ ठेवून आज रात्री तासभर चालवते. स्थिर राहिला, तर उणे २० करून पाहीन.