तालुक्याच्या वकीलबाईंची रहस्यकथा: दुसरा खर्डा, प्रकरण १६ पर्यंत

स्थिती अशी: २४ पैकी १६ प्रकरणं बसली. लक्ष्य ५५ हजार शब्दांचं, म्हणजे प्रकरणामागे साधारण २,३००. काळ जून ते ऑक्टोबर २०१६, जागा रत्नागिरी जिल्ह्यातला काल्पनिक तालुका. साल मुद्दाम मागे घेतलं आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. कागद जुने आणि गुन्हा नवा अशी सरमिसळ झाली की हलक्याफुलक्या संवादांत कलमांचं ओझं वाढतं. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून या जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ (सर्किट बेंच) कोल्हापुरात बसतं. कथेत मात्र बाईंना मुंबईलाच जावं लागणार आहे, प्रकरण १४ त्या प्रवासावर उभं आहे.

मृत्युपत्राचा धागा पार बदलला. साक्षीदाराच्याच नावाने काही ठेवलं असेल तर ते बाद होतं, हा विलायती रहस्यकथांचा हुकमी डाव. तो भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६७ मध्ये आहे, पण हिंदूंच्या मृत्युपत्रांना कोणती कलमं लागू होतात ते तिसऱ्या परिशिष्टात दिलंय आणि त्यात ६७ नाही. कुटुंब पारशी किंवा ख्रिस्ती असेल तरच हा डाव टाकावा. हिंदू कुटुंबात फार तर संशयाला जागा मिळते. कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार मात्र हवेतच.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, तरी लोक हौसेने शंभराच्या स्टॅम्पवर करतात. कथेतही तसंच आहे, पण स्टॅम्प मृत्युपत्रानंतर विकत घेतलेला निघतो हा शोध आता कोणालाही तिसाव्या पानावर लागतो. म्हणून तो नुसता चकवा ठेवला: स्टॅम्प दोन महिने आधीचा, सहा महिन्यांच्या आत वापरलेला, सगळं नियमात. बिचारा मुद्रांक विक्रेता तीन प्रकरणं संशयित राहतो.

खरी किल्ली नकलेत आहे. कोर्टाच्या प्रमाणित नकलेवर तीन तारखांचा शिक्का असतो: अर्ज कधी आला, प्रत कधी तयार झाली, कधी दिली. त्याचं कारण मुदत अधिनियम, १९६३ चं कलम १२. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवण्यात गेलेला काळ वगळतात. पुतण्या प्रतिज्ञापत्रात म्हणतो, जुन्या वाटणीच्या दाव्याचा हुकूमनामा मला काका गेल्यावर, समन्स आलं तेव्हा समजला. नकलेचा अर्ज मात्र काकांच्या मृत्यूच्या अकरा दिवस आधीचा.

मग स्वतःविरुद्धचा कागद कोण जोडेल? इथे दोन वेळा वीण उसवली, म्हणून उपाय नीट लिहून ठेवतो. शिक्का शेवटच्या पानाच्या पाठीवर आहे. पुतण्याच्या वकिलाने बाईंना दिलेल्या झेरॉक्समध्ये फक्त पुढच्या बाजू आहेत. मूळ नक्कल कोर्टाच्या फाइलीत. प्रकरण ४ मध्ये बाईंचा कारकून भलत्याच प्रकरणातली नक्कल उलटी करून कुरकुरतो, "बाई, बघा, अर्ज सोळाला, प्रत तयार अठ्ठावीसला. तोवर पक्षकार माझं डोकं खातो." प्रकरण ११ मध्ये झेरॉक्सचं शेवटचं पान पाठीमागून कोरं दिसतं आणि त्याच्यावर किराणाची यादी होते. प्रकरण २१ मध्ये बाई फाइल पाहण्याचा अर्ज देतात. वाचकाला तिन्ही वेळा समोर ठेवलंय, लपवलेलं काही नाही.

हुकूमनामा असूनही सातबारा सामायिकच कसा, याचं उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ मध्ये. सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. कागद तिथवर गेलाच नाही. क्षेत्रांची खबरदारी घ्या: उताऱ्यावर ०.१२.५० हेक्टर-आर, बोलण्यात "साडेबारा गुंठे". पात्रांच्या तोंडी आर घातले की ती लगेच सरकारी वाटतात.

उलगडा कुठे करायचा? खुनाचा खटला तालुक्याला चालत नाही, तो सत्र न्यायालयाकडे जातो. म्हणून कळसाचा प्रसंग निशाणी ५ वर, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाच्या सुनावणीत. ती सहसा प्रतिज्ञापत्रांवरच चालते, तेव्हा उलटतपासाचा तमाशा नको. प्रतिज्ञापत्र आणि शिक्का शेजारी ठेवले की पुरे. हातोडा आपल्या कोर्टात नसतो, तो चित्रपटांना लखलाभ.

बाई स्वतः मृत्युपत्राच्या साक्षीदार असून चालणार नाही. ज्यात आपली साक्ष होणार ते प्रकरण वकिलाने चालवू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणून सही कारकुनाची. दुसरा साक्षीदार आधीच वारलेला, आणि तेव्हा लागू असलेल्या पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ६८ प्रमाणे हयात साक्षीदारापैकी किमान एक तपासावा लागे. म्हणजे सगळा भार कारकुनावर. दुसरा खून न पाडता धास्ती इथून येते.

व्हिसेराचा (मृताच्या अवयवांच्या रासायनिक तपासणीचा) अहवाल महिनोन्‌महिने येत नाही, त्यावर काहीच टांगलेलं नाही. प्रकरण १७ ला फेरफाराची (सातबाऱ्यावरच्या नोंदीत बदलाची) नोटीस आणि हरकतीचे १५ दिवस. त्या पंधरवड्याचा तारीखवार तक्ता आधी, लिखाण मग.