परसातले पर्जन्यमापक आणि भावाची फळी

खानापुरात आमच्या परसातल्या पर्जन्यमापकाची नोंद मी पावसाळाभर सकाळी ८.३० वाजता घेतो. हिवाळ्यात ते भांडे पालथेच असते. काश्मीरमध्ये नोकरीला असलेला धाकटा भाऊ मात्र याच दिवसांत हौसेने बर्फ मोजतो. आज त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवले की, ताज्या हिमवर्षावासाठी ठेवलेली पांढरी फळी प्रत्येक मोजणीनंतर झाडून घ्यावी लागते, तर साचलेल्या थराची जाडी जमिनीत रोवलेल्या पट्टीवर वेगळी वाचावी लागते, कारण जुना बर्फ स्वतःच्या वजनाने दबत जातो. फळीवर १२ सेंटिमीटर भरले. तेवढा थर एका डब्याच्या तोंडाने कापून त्याच डब्यात वितळवला, तर पाणी जेमतेम ११ मिलिमीटर! (ढोबळमानाने दहास एक हेच प्रमाण धरतात.) आमच्याच तालुक्यातल्या, धो धो पावसाच्या कणकुंबीचे आकडे ऐकत आलेल्या आईने विचारले, "एवढंच?"