बॉक्सिंगच्या चित्रांना हॉल मिळवताना : माझा अनुभव

कार्यक्रम झाला, लोक आले, चांगला झाला, पण त्या फॉर्मचा राग काही डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलोय. आम्ही सोलापुरातल्या काही मित्रांनी मिळून 'साहित्य आणि कलेतलं बॉक्सिंग' असं छोटंसं प्रदर्शन करायचं ठरवलं. भिंतीवर चित्रांच्या मोठ्या प्रिंट, संध्याकाळी अभिवाचन आणि चहा, संपला कार्यक्रम. रिंग नाही, ग्लोव्हज नाहीत, कुणी कुणाला बोटसुद्धा लावणार नव्हतं.

चित्रं जमवणं सोपं गेलं. अमेरिकन चित्रकार जॉर्ज बेलोजचं १९०९ चं 'स्टॅग ॲट शार्कीज' क्लीव्हलँडच्या म्युझियमच्या साइटवरून मोठ्या साइझमधे फुकट डाउनलोड होतं, त्याचंच 'बोथ मेंबर्स ऑफ धिस क्लब' वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या साइटवर मिळतं. वाचायला जॅक लंडनची १९०९ चीच 'अ पीस ऑफ स्टेक' ही बॉक्सरची कथा घेतली. लेखक १९१६ ला गेला, कॉपीराइट कधीच संपलाय, म्हणून अनुवाद आम्हीच केला. हे सगळं पटापट उरकलं. अडकलो ते हॉलवर.

शहरातला एक सार्वजनिक हॉल, नाव घेत नाही. तिथल्या फॉर्मवर 'कार्यक्रमाचा प्रकार' असा रकाना : सांस्कृतिक, क्रीडा, धार्मिक, राजकीय, विवाह, इतर. आम्ही अर्थातच सांस्कृतिकवर टिक केली. खिडकीवरच्या साहेबांनी विषय वाचला, चष्मा वर केला, परत वाचला, आणि आमच्यादेखत आमची टिक निळ्या पेनानं खोडून 'क्रीडा' वर नवी टिक केली. झालं. क्रीडा म्हणल्यावर क्रीडा संघटनेचं पत्र आलं, डॉक्टर हजर ठेवायची चिठ्ठी आली, ॲम्ब्युलन्स आली, पोलिसांची परवानगी आली आणि डिपॉझिट दुप्पट.

"साहेब, नुसती चित्रं आहेत."

"कुणाची?"

"बॉक्सरची."

"मग मी तेच म्हणायलोय की."

आता यावर काय बोलणार! मी तरी बोललोच. म्हणलं, साहेब, बॉक्सिंग तर होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यात पण आहे, पेट्रोक्लस या योद्ध्याच्या अंत्यविधीनंतरच्या खेळांत. एपिअस युरिअलसला एका ठोशात आडवा करतो आणि मग स्वतःच त्याला हात देऊन उभा करतो, जिंकणाऱ्याला खेचर, हरणाऱ्याला दोन कानांचा प्याला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बक्षीस वाटप पण आहे?" माझा मित्र तोंड फिरवून हसत होता, मला मात्र घाम फुटलेला, कारण समोरचा माणूस चेष्टा करत नव्हता, मनापासून विचारत होता.

मग नेहमीचं चक्र. आज मोठे साहेब मीटिंगला, उद्या मोठे साहेब रजेवर, परवा मोठे साहेब आहेत पण फाइल त्यांच्या टेबलावर गेलेलीच नाही, ती खाली 'क्रीडा' च्या गठ्ठ्यात, कुठल्या तरी कराटे क्लासच्या अर्जाखाली. (यावरून आठवलं, अर्ज देताना झेरॉक्सवर आवक नंबर आणि शिक्का मारून घ्या, "कशाला लागतंय" म्हणले तरी घ्या. आमचा अर्ज त्या गठ्ठ्यात सापडला तो त्या नंबरवरूनच.)

मित्र म्हणाला, "नाव बदल की बे, 'कलेचे विविध रंग' असं काहीतरी ठेव, लगेच पास करतील." मी म्हणलं, मरू दे तो हॉल, नाव बदलणार नाही. थोडा हट्ट होता, कबूल, पण पटत नव्हतं. कुस्तीवर कार्यक्रम असता तर याच खिडकीवर "वा वा" झालं असतं.

आणि गंमत बघा, बेलोजच्या त्या चित्रांचा जन्मच परवानगीच्या भानगडीतून झालेला. तेव्हा न्यूयॉर्कमधे जाहीर बॉक्सिंगच्या मॅचला कायद्यानं बंदी होती. मग क्लबवाले काय करायचे, बॉक्सरला तेवढ्या रात्रीपुरतं मेंबर करून घ्यायचे, म्हणजे मॅच खाजगी झाली. 'बोथ मेंबर्स ऑफ धिस क्लब', 'दोघंही या क्लबचे मेंबर', हे चित्राचं नाव म्हणजे त्याच पळवाटेला मारलेला टोमणा. तिथं खरी मॅच असून कागदावर नव्हती, आणि आमच्याकडं मॅच नसताना कागदावर लागली होती.

शेवटी सुटलं ते एका मॅडममुळं. शेजारच्या टेबलावरून त्या इतके दिवस सगळं ऐकत होत्या बहुतेक. मी 'बॉक्सर ॲट रेस्ट' ची ए-फोर प्रिंट फाइलला लावलेली. १८८५ ला रोममधे खणताना सापडलेला ब्राँझचा पुतळा, मॅच संपवून बसलेला माणूस, हातांना चामड्याचे पट्टे, नाक मोडलेलं, कान पैलवानासारखे सुजलेले, आणि जखमांमधलं रक्त दाखवायला तांबं बसवलेलं. मॅडमनी प्रिंट हातात घेतली, म्हणाल्या, "हा तर बसलाय नुसता." आणि खिडकीवरच्या साहेबांना म्हणाल्या, "हमीपत्र घ्या ना लिहून." एवढंच! साध्या कागदावर : 'सदर कार्यक्रमात प्रत्यक्ष मारामारी होणार नाही याची आम्ही हमी देतो', खाली दोघांच्या सह्या आणि आधारची झेरॉक्स. हे पहिल्या दिवशीच सांगता आलं नसतं का?

त्यामुळं तुम्ही असं काही करणार असाल तर अर्जासोबत चित्रांच्या छोट्या प्रिंट आधीच जोडा आणि हमीपत्र न मागताच द्या. मोठ्या प्रिंट मॅट फिनिशमधे काढा, ग्लॉसी काढल्या की ट्यूबलाइट चित्रात दिसते, बेलोजची चित्रं मुळातच काळी. सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पाटीवर) चिकटवून घ्या. आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत तारीख मागू नका, जानेवारीत अर्धं सोलापूर होम मैदानावर असतं, तुमच्या पुतळ्याकडं कोण बघतंय.

वाचनाला माणसं बऱ्यापैकी होती. कथेतला टॉम किंग म्हातारा झालेला बॉक्सर, खाटीक उधार देत नाही म्हणून मटणाचा तुकडा न खाताच मॅचला जातो, तेही पायी, गाडीला पैसे नाहीत, आणि जिंकायच्या अगदी जवळ येऊन ताकद संपते. गिरणीत काम केलेले एक काका पुढच्या रांगेत होते, वाचन संपल्यावर म्हणाले, "खाटकानं द्यायला पाहिजे होतं." दुसरं काही बोलले नाहीत, चहा पिऊन गेले.

खिडकीवरचे साहेब पण आले होते, कुटुंबासहित. पोराला पुतळ्याची माहिती देत होते, मी जी त्यांना सांगितलेली तीच.

डिपॉझिट अजून आलेलं नाही. पासबुकाची झेरॉक्स दिलीय, आता कॅन्सल चेक पण पाहिजे म्हणतायत.