दोघींची स्केचवही : चेहरे बाजूला, आता मधली जागा

माझ्या दोन मुलींची स्केचेस काढताना मी चेहऱ्यांवर काम करतोय, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. मोठीची हनुवटी, धाकटीचे गाल, वगैरे. ते काम सध्या थांबवलंय. वही पहिल्या पानापासून चाळली तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली : ज्या पानांवर हटकून हसू येतं, तिथले चेहरे बहुतेक अर्धवटच आहेत. गंमत आहे ती दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत. एक किती वाकलीये, दुसरीने मान किती वर केलीये, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत घुसलंय. म्हणून आता मी आधी ती मोकळी जागाच काढतो आणि मग तिच्या दोन्ही बाजूंना मुली बसवतो. मोठी सात वर्षांची, धाकटी साडेतीन.

प्रमाणाबद्दल एक फार उपयोगी गोष्ट हाती लागली. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या साधारण पाव भाग असतं आणि मोठ्या माणसाच्या उंचीत तशी सात-साडेसात डोकी मावतात, हे आपण सगळेच शिकलेलो असतो. माझी धाकटी साधारण पाच डोक्यांची आहे, मोठी सहाच्या आसपास. पण दोघी शेजारी उभ्या राहिल्या की कळतं, डोकी जवळपास एकाच मापाची आहेत! डोकं पहिल्या दोन-तीन वर्षांतच भराभर वाढून घेतं, नंतरची वाढ मुख्यतः हातापायांची. तेव्हा दोघींना काढताना मी आता दोन सारखे गोल काढतो, एक वर, एक खाली. मग एकीला लांब पाय लावायचे, दुसरीला आखूड. धाकटीचं डोकं ‘लहान बहीण’ म्हणून लहान काढलं की ती एकदम छोट्या आकाराची मोठी बाई दिसायला लागते.

हातांचंही तेच, आणि या वेळचं माझं सगळ्यात आवडतं पान त्यावरच आहे.

डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडायची जुनी परीक्षा तुम्हाला माहीत असेल. जन्मतारखेची नोंद नसायची तेव्हा मूल शाळेत घालण्याजोगं झालं का, हे कितीतरी ठिकाणी या खुणेवरून ठरवत. मोठीने हे कुठूनतरी ऐकलं आणि आरशासमोर उभी राहून कान पकडून दाखवला. मग अर्थातच धाकटीची परीक्षा सुरू झाली. धाकटीचा हात टाळूपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तिने मान हाताकडे वाकवली, म्हणजे कान जवळ येईल. मान वाकली तसा हातही वाकला. मग ती कंबरेतून वाकली. शेवटी एका पायावर आली आणि तिरकी व्हायला लागली, तसं मोठीने तिला फ्रॉकला धरून सरळ केलं.

“माझा कान लांब आहे,” धाकटी म्हणाली. रडवेली नाही, नुसती माहिती दिली.

मोठीने जरा विचार केला. “थांब,” म्हणाली, आणि आपला हात धाकटीच्या डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरला. “हां. पोचला.”

“बाबा, मी पोचले!” असं ओरडत धाकटी माझ्याकडे पळाली. मोठीने कान सोडला नव्हता, त्यामुळे तीही तशीच वाकून, आडवी आडवी, मागोमाग आली.

मी काढलं ते हे शेवटचं पळणं. मोठीचा दंड, धाकटीचा खांदा आणि दोघींच्या कमरा यांच्यामध्ये एक लांबट त्रिकोण तयार झाला होता, तो आधी काढला. बाकी रेषा त्याच्या कडेने आपोआप आल्या. मोठीच्या चेहऱ्याच्या जागी फक्त लोंबणारे केस आहेत. तरी ज्यांनी ज्यांनी पान पाहिलं, त्यांनी ती किती गंभीरपणे कान धरून आहे हे बरोबर ओळखलं.

साहित्यात फार बदल नाही. घरात सगळीकडे हाताशी असावी म्हणून वही ए-सहा मापाचीच. टू-बी पेन्सिल, आणि पिगमेंट शाईचा बारीक टोकाचा फाइनलायनर पेन, कारण ती शाई वाळल्यावर वरून पाण्याचा ब्रश फिरवला तरी पसरत नाही. खोडरबर मी जवळ ठेवतच नाही. लहान मुलं एका स्थितीत काही सेकंदच राहतात, तेवढ्यात खोडायचं कधी? त्यापेक्षा एका पानावर चार-पाच सुरुवाती करून ठेवायच्या. मुलं त्याच त्या स्थितीत पुन्हा येतात. धाकटी बूट घालताना दर वेळी जमिनीवर बसून उजवा पाय दोन्ही हातांनी तोंडाजवळ ओढते. आज टाच मिळाली, उद्या पाठ मिळते. बुटात पाय कुठला जातो, हे मात्र नशिबावर असतं.

मधली जागा कशी काढायची हे ज्यांना एकाच चित्रात पाहायचंय, त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातलं डच चित्रकार रेम्ब्रां याचं चालायला शिकणाऱ्या बाळाचं रेखाटन शोधून पाहावं. सतराव्या शतकातलं, बोरू आणि तपकिरी शाईचं, मोजक्या रेषांचं. बाळाला दोन्हीकडून धरलेलं आहे, समोर बसलेल्या माणसाने हात पुढे केलेत. बाळ आणि ते हात यांच्यामध्ये काहीच काढलेलं नाही, आणि चित्रातली सगळी धाकधूक तिथेच आहे. मी ते अधूनमधून उघडून बघत बसतो.

आता घरातल्या परीक्षकांविषयी. धाकटीला पान दाखवलं की ती आधी हात मोजते. पुस्तक वाचतानाच्या चित्रात ती मोठीला टेकून बसली होती, म्हणून तिचा एकच हात दिसत होता. “माझा दुसरा हात कुठे गेला?” ताईच्या मागे आहे, म्हटलं. तिने पान उलटलं, मागच्या बाजूला पाहिलं आणि म्हणाली, “नाहीये.” शेवटी मागच्या बाजूला एक हात काढून दिला, तेव्हा मान्य झालं. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी आपल्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जमवून १९१३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं डोळ्यांना दिसतं ते नाही, ठाऊक असतं ते काढतात, हे त्यांच्या मांडणीतलं मुख्य सूत्र. हात आहे हे ठाऊक आहे, मग तो चित्रात हवाच! मला हा आग्रह फार पटतो.

धाकटीनेही माझं चित्र काढलंय. एक मोठा गोल, त्यात डोळे, आणि गोलातूनच खाली निघालेले दोन पाय. तिच्या वयाची मुलं जगभर माणसं अशीच काढतात, बेडकाच्या पिल्लासारखी. मोठीने तपासून हरकत घेतली, “बाबांना पोट नाही काढलंस.”

“आहे ना,” धाकटी म्हणाली, “आत आहे.”

मोठी थोडा वेळ चित्राकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःची पेन्सिल आणून त्या गोलाला एक खिसा काढून दिला आणि खिशात माझी वही ठेवली. हा कागद मी वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलाय.

पुढची वही आडव्या आकाराची घेतोय, कारण मोठी सायकल शिकलीये. ती पुढे, आणि धाकटी मागून “थांब, मी ढकलते” म्हणत धावते. सायकल तर कधीच पुढे गेलेली असते, तरी धाकटीचे दोन्ही हात ढकलण्याच्या बेतात पुढेच असतात. पुढचे हात आणि मागचं चाक यांतलं अंतर क्षणाक्षणाला बदलतं, ते एका पानावर कसं धरायचं यावर अडलोय. एकामागून एक तीन-चार छोट्या चौकटी करून पाहाव्यात, की एकाच चित्रात अंतर मुद्दाम ताणावं? धावतं मूल आणि चाक एकत्र काढायचा सराव कुणी केला असेल, तर चाकाची लंबवर्तुळं आधी टाकता की मूल आधी, तेही सांगा.