फाइल रीड-ओन्ली केली, तरी डिलीट कशी झाली?

लिनक्सवर फाइलला चमॉड ४४४ (चमॉड ही परवानगी बदलणारी कमांड, ४४४ म्हणजे सगळ्यांना फक्त वाचता येणं) लावलं की काम झालं, असं अनेक जण धरून चालतात. पण ४४४ मुळे अडतो तो फक्त फाइलमधल्या मजकुरातला बदल. फाइल डिलीट करणं किंवा तिचं नाव बदलणं हा डिरेक्टरीतला बदल असतो, कारण नावांची यादी डिरेक्टरीकडे असते. डिरेक्टरीवर डब्ल्यू (लिहिणं) आणि एक्स (आत शिरणं) या दोन्ही परवानग्या असतील, तर दुसऱ्याच्या मालकीची ४४४ फाइलसुद्धा उडवून त्याच नावाची नवी फाइल तिथे ठेवता येते.

म्हणून सुरुवात डिरेक्टरीपासून करा: मालक रूट (सर्वाधिकार असलेला यूजर), परवानगी ७५५ (लिहिणं फक्त मालकाला). जिथे सगळ्यांनाच लिहू द्यायचंय तिथे १७७७. पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट. मग फाइल काढू शकतात फक्त तिचा मालक, डिरेक्टरीचा मालक आणि रूट. तात्पुरत्या फायलींची /टीएमपी डिरेक्टरी अशीच असते. शिवाय परवानगी तपासली जाते ती फाइल उघडताना. आधीच लिहायला उघडून बसलेली प्रोसेस चमॉडनंतरही लिहीतच राहते, म्हणून ती रीस्टार्ट करा.

रूटला या परवानग्या अडवत नाहीत. त्याच्या हातून चूक होऊ नये म्हणून चॅटर प्लस आय (फाइलवर 'बदलू नये' अशी 'आय' खूण लावणारी कमांड) आहे. तो लावला की रूटलाही फाइल बदलता किंवा काढता येत नाही. अर्थात रूट मायनस आय करून तो काढू शकतोच. डिरेक्टरीवर लावलात तर नव्या फायली बनत नाहीत, जुन्या निघत नाहीत, पण आतल्या जुन्या फायलींमधला मजकूर बदलता येतो. हे हमखास विसरलं जातं. पॅकेज अपडेट मध्येच अडकलं तर एलएसअॅटर (अशा खुणा दाखवणारी कमांड) चालवून आय आहे का ते आधी पाहा.

एखाद्या सर्व्हिसला (मागे चालत राहणाऱ्या प्रोग्रॅमला) आवर घालायचा असेल, तर परवानग्यांशी झटापट करण्यापेक्षा सिस्टमडी (सर्व्हिसेस सुरू-बंद करणारी व्यवस्था) वापरावं, असं माझं ठाम मत आहे. सिस्टमसीटीएल एडिट करून सर्व्हिस विभागात 'प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट' लिहा. /डेव्ह, /प्रॉक आणि /सिस सोडून सगळी फाइल सिस्टिम त्या सर्व्हिसपुरती रीड-ओन्ली होते. मग 'रीडराइटपाथ्स=' मध्ये लागतील तेवढ्याच जागा उघडा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. दिलेली डिरेक्टरी अस्तित्वातच नसेल, तर सर्व्हिस २२६ नेमस्पेस अशी एरर देऊन सुरूच होत नाही. नसली तरी चालेल असं असल्यास पाथच्या आधी वजाचं चिन्ह टाका. दुसरं, एकच फाइल उघडी ठेवू नका. बरेच प्रोग्रॅम सेव्ह करताना शेजारी तात्पुरती फाइल बनवतात आणि तिचं नाव बदलून मूळ फाइलच्या जागी बसवतात. शेजारची जागा बंद, म्हणून सेव्ह फसतं. तेव्हा त्या फाइलला स्वतंत्र डिरेक्टरी द्या आणि ती उघडा. सर्व्हिस रूट म्हणून मात्र चालवू नका, 'यूजर=' मध्ये वेगळा यूजर द्या; पूर्ण अधिकार असलेली प्रोसेस ही रीड-ओन्ली जोडणी (माउंट) पुन्हा बदलू शकते.

सिस्टमडीशिवाय हेच करायचं तर बाइंड माउंट, म्हणजे एखादी डिरेक्टरी हव्या त्या जागी पुन्हा जोडणं. आधी डिरेक्टरी स्वतःवरच बाइंड करा, मग 'रिमाउंट, बाइंड, आरओ' हे तिन्ही पर्याय देऊन पुन्हा माउंट करा. दुसऱ्या वेळी 'बाइंड' गाळलंत तर त्या डिरेक्टरीऐवजी अख्खी फाइल सिस्टिमच रीड-ओन्ली करायला जाल.

अडलंच तर एरर नीट वाचा, ती कोणत्या थरावर अडलंय ते सांगते. 'पर्मिशन डिनाइड' आली तर बहुतेक वेळा साध्या परवानग्या किंवा एसीएल (ठरावीक यूजरसाठी वेगळ्या लावलेल्या परवानग्या). 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' आली तर माउंट, म्हणजे बाइंड किंवा सिस्टमडी. आणि रूट असूनही 'ऑपरेशन नॉट पर्मिटेड' आली, तर पहिला संशय चॅटरच्या आयवर.